माय निवडून देणारे देवाजीभाऊ

देवाजीभाऊ गप्प झाले की मला धडकी भरायची. एरवी माणूस फार बोलायला लागला की आपण घड्याळ बघतो. यांच्या बाबतीत उलटं होतं. काम करताना त्यांचं तोंड अखंड चालू असायचं, आणि समोर ऐकणारं कोणी असलंच पाहिजे अशी अट नसायची. "हां, आता झाकण काढून राह्यलो. हा स्क्रू सैल हाय. पंख्याची वायर बाजूले घेऊन राह्यलो. मी आहो, मी आहो." हे सगळं बंद पडलेल्या कॉम्प्युटरला उद्देशून. पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा मला वाटलं, फोनवर कोणाशी तरी बोलताहेत. मी अदबीनं उभी राहिले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की त्यांचा फोन माझ्या कोपराशीच चार्जिंगला लावलेला आहे.

गडचिरोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. पाटीवर सगळ्यात वर 'रेडिओ', त्याखाली वेगळ्या रंगात 'घड्याळ', त्याखाली 'टीव्ही' आणि तळाशी दाटीवाटीनं 'कॉम्प्युटर'. आधीचं काहीही खोडलेलं नव्हतं. शिक्षण विचारलं की "पाहून पाहून" एवढंच सांगायचे. बोटं मात्र विलक्षण होती. घड्याळाचा मोहरीएवढा स्क्रू ते चिमट्याशिवाय उचलायचे. नागपूरच्या दुकानांनी "हा मेला, नवीन घ्या" म्हणून परत पाठवलेले मदरबोर्ड इथं येऊन उठून बसायचे. जिल्ह्यातल्या अर्ध्या कचेऱ्यांचे कॉम्प्युटर त्या बोटांवर जगत होते, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मला ते उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण ते माहीत नसल्यामुळेच मी नको ते बोलून गेले. हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं, त्यांच्या बायकोला, मंदाबाईंना. हात गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर देवाजीभाऊंकडे देवाजीभाऊ म्हणण्यासारखं काय उरणार, ही भीती दोघं दिवाळीपासून घरातल्या घरात सांभाळत होती.

भीती त्यांना नवी नव्हती म्हणा. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि भित्रेपणाची इतकी कमी लाज असलेलाही पाहिला नाही. कोणत्याही बोर्डाला हात लावण्याआधी ते खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचे, अंगातली वीज उतरावी म्हणून. गिऱ्हाइकानं नुसतं बोट दाखवलं तरी "लोखंडाले हात लावा पहिले!" असं खेकसायचे. तहसीलच्या एका साहेबांना त्यांनी गज धरायला लावून दहा मिनिटं उभं ठेवलं होतं. आभाळात एक ढग दिसला की सगळे प्लग उपटायचे, आणि मग गल्लीत फिरून लोकांचेही उपटायला लावायचे. लोक हसायचे. पाली, मुंग्या, ओली भिंत, सरकारी लखोटा, या सगळ्यांना ते घाबरत. "मले भेव लागते बाई, म्हून मी दोनदा पाहातो," असं सरळ सांगायचे.

मंदाबाई याच्या बरोबर उलट. नवरा इतका बोलायचा की त्या घरात आणखी शब्दांना जागाच नसावी. सात-आठ वर्षांत मी त्यांच्या तोंडून पाच-सहा वाक्यं ऐकली असतील, त्यातली तीन "चहा घेता का?" अशी होती. पण आतल्या खोलीतून त्यांचा कान सतत दुकानाकडे असायचा, हे मला पुढे कळलं.

एकदा मी विचारलंच, की भाऊ, हे 'मी आहो, मी आहो' कोणाला सांगता? तेव्हा त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

त्यांचं गाव धानोऱ्याच्या बाजूला, जंगलाला लागून. मोहफुलं पडायला लागली की झुंजुमुंजू होताच घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली. अस्वलालाही मोह प्यारा, आणि तेही त्याच वेळी येतं. म्हणून वेचणारा माणूस सतत आवाज देत राहतो. या झाडाखालून एकानं 'मी आहो' म्हणायचं, त्या झाडाखालून दुसऱ्यानं. "अस्वल मुद्दाम नाई धावत जी माणसावर," देवाजीभाऊ म्हणाले. "थे दचकते. त्याले आधीच समजलं का इथी माणूस हाय, तं थे आपल्या रस्त्यानं जाते. गप्प माणसाले पाहून दचकते."

त्यांची मोठी बहीण सुमन. लहानपणी एका सकाळी टोपलीवरून दोघांचं भांडण झालं. हिची टोपली यानं घेतली, ही रुसली. रुसून लांबच्या झाडाखाली जाऊन वेचायला लागली, आणि रुसलेली म्हणून आवाज देईना. हा इकडून 'मी आहो' म्हणतोय, तिकडून उत्तर नाही. यालाही राग, यानंही दोनदा म्हणून सोडून दिलं.

"मंग?"

"मंग काय. जित्ती राह्यली. डोळा गेला एक." त्यांनी ब्रश पुन्हा उचलला. "तिचं चुकलं नाई. मीच आवाज देणं सोडलं." पुढे बराच वेळ ते बोर्डाला प्रत्येक गोष्ट नेहमीपेक्षा मोठ्यानं सांगत राहिले. मी चहा न घेताच घरी आले.

त्यांच्या हाताचं कसब मी डोळ्यांनी पाहिलं ते हात थरथरायच्या कितीतरी आधी, तणसीच्या वेळी. खेड्यातलं एक सेवाकेंद्र चालवणारा माणूस बंद पडलेला कॉम्प्युटर मोटरसायकलवर घेऊन आला होता. माणूस मोठा काळजीचा. वाटेत हिसके बसून प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हलू नये म्हणून त्यानं तो आधीच काढून रुमालात बांधला होता, दागिना बांधावा तसा. आणि बोर्ड हलू नये म्हणून डबा धानाच्या तणसीनं, म्हणजे पेंढ्यानं, गच्च भरला होता. आमच्याकडे अंडी, आंबे, काचेचे ग्लास सगळं तणसीतच येतं, त्याचं काही चुकलं असं त्याला वाटणं शक्यच नव्हतं.

पण प्रोसेसर काढला की त्याच्या खालची जागा उघडी पडते. तिला सॉकेट म्हणतात. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या त्या चौकोनात हजारावर पिना उभ्या असतात, केसाहून बारीक, सगळ्या एकाच बाजूला किंचित कललेल्या. त्यात तणसीचा भुसा शिरला होता. देवाजीभाऊंनी डबा उघडला, आत पाहिलं आणि "अरे माझ्या बाप्पा" म्हणून डोक्याला हात लावला. मग घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून, शिवणाची सुई घेऊन दीड दिवस ते त्या चौकोनात उतरले होते. "हा एक निघाला. ही पिन उठवून राह्यलो. भेऊ नोको, मी आहो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. त्यानंतर भिंतीवर त्यांच्या अक्षरात एक कागद लागला: 'बोर्ड तणसीत आणू नये.' बाहेरगावचं माणूस तो वाचून चक्रावून जायचं.

मदरबोर्डाला ते 'माय' म्हणायचे. थट्टा म्हणून नव्हे. त्यांच्या तोंडी तो शब्दच तसा होता. "रॅम बदलान, डिस्क बदलान, पंखा बदलान, हे सगळे तिचे पोट्टे. माय नाई कोणी उठसूट बदलत. माय पाहून घ्या पहिले."

तर मला माय घ्यायची होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, एकटी राहते, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा होता. हे कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "भाच्यासाठी का?" नाही, माझ्यासाठी. ट्रक चालवण्याचा एक खेळ असतो. बर्फातल्या, डोंगरातल्या, कधी न पाहिलेल्या देशांतल्या रस्त्यांवर तासन् तास माल घेऊन जायचं. मला प्रत्यक्षात सायकलच्या पुढे काही चालवता येत नाही. पाच वाजल्यानंतर आमच्या रस्त्यांना वाघाच्या बातमीमुळे कुलूपच लागतं. म्हणून मला तो खेळ हवा होता, आणि चांगला दिसायला हवा होता. एकट्या देवाजीभाऊंनी 'कोणासाठी' हे विचारलं नाही.

त्यांनी भलतंच विचारलं. कॉम्प्युटर ठेवणार ती खोली कोणत्या तोंडाची? मे महिन्याच्या दुपारी खेळणार का? मिक्सर त्याच लाइनवर आहे का? घरात पाली किती? मी म्हटलं, मोजल्या नाहीत. "मोजा," ते म्हणाले, आणि लिहून घेतलं. मग समजावलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोर्डाचा वीज सांभाळणारा भाग आधी तापतो, तर त्यावर धातूचे जाड ठोकळे असलेला बोर्ड पाहिजे. रॅमच्या खाचा चार पाहिजेत, दोन नको, म्हणजे एक रुसली तर दुसरी आहे. पंखे लावायच्या जागा मोजून घ्यायच्या. "आन् सगळ्यात मोठी गोष्ट, माय आजारी पडली तं इथी कोण पाहाणार? थे पाहून माय निवडा."

पण मी तयारी करून गेले होते. पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते. चूक माझी असली तरी उत्तर मॅडमचंच बरोबर असतं, असं माझ्या वर्गाचं म्हणणं आहे, आणि ते पोरांचं निरीक्षण खोटं नाही. मी फोनवर माझा बोर्ड दाखवला. नवा कोरा, काळाभोर, कडेनं दिव्यांची माळ.

"लग्नात लावाचा हाय का?" म्हणाले. मी हसले. मग त्यांनी फोटो मोठा करून सॉकेट पाहिलं आणि एकदम गप्प झाले.

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

"हा नोका घेऊ," थोड्या वेळानं ते म्हणाले. "जुन्या जातीचा घ्या. त्याच्यात पिना प्रोसेसरले असते, बोर्डाले नाई. जाड असते. वाकली तं हातात धरून सीधी करता येते. याच्या पिना बोर्डात हायेत, खड्ड्यात उतरून पाहा लागते."

"पण भाऊ, त्या जातीत आता पुढं काही निघणार नाही. मी आज जुनं कशाला घेऊ?"

"मंग घ्या. पण बसवाले नागपूरले न्या."

हे वाक्य ऐकून मी चाट पडले. ज्या माणसाकडे नागपूरचे मेलेले बोर्ड येतात, तो मला नागपूरला पाठवतो? मला वाटलं, जुना माल पडून असेल, तो खपवायचा असेल. माणसाला ओळखायला इतकी वर्षं मिळूनही मनात हेच आलं, याची मला लाज वाटते. घरी येऊन मी तोच बोर्ड आणि त्याचा प्रोसेसर मागवला. आठवड्यानं खोकं आलं. ते त्यांच्या टेबलावर ठेवून मी म्हटलं, "जमत नसेल तर तसं सांगा, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उजवा हात मांडीखाली दाबलेला होता; मला वाटलं, त्यांची बसायची पद्धत. "ठेवा," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी या. आन् एकट्या या."

शनिवारी गेले तेव्हा दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. मे महिना, बाहेर रस्ता पांढरा पडलेला, आणि आत कूलर बंद. कूलरच्या वाऱ्यानं धूळ उडेल म्हणून. देवाजीभाऊंनी मला समोर बसवलं आणि मांडीखालून उजवा हात काढून टेबलावर ठेवला.

हात हलत होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखी सारखी हलत होती, जणू त्यात काहीतरी बारीक धरलं आहे. ते त्याच्याकडे पाहत होते आणि तो थांबत नव्हता.

"पाहून घ्या. मंग बोर्ड द्याचा का नाई थे ठरवा."

दिवाळीपासूनचं सगळं त्यांनी सांगितलं. सॉकेटचं काम ते घेतच नव्हते. धूळ झाडणं, वायर बदलणं, एवढंच करून वेळ मारून नेत होते. डॉक्टरकडे का नाही गेलात, विचारलं तर म्हणाले, "नाव सांगते ना थे. नाव सांगतलं का मंग खरं होते." मी रडवेली झाले. म्हटलं, मी बोर्ड नागपूरला नेते, चुकलं माझं, कोणाला काही सांगणार नाही.

"नाई," ते म्हणाले. "आता मले पाहाचंच हाय. हा बसला तं दुकान राहाते. नाई बसला तं मी पाटी काढतो. किती दिवस लपवू बाई? मले दिवसभर भेव लागून राह्यते का कोणी सॉकेटवाला येईन."

त्यांनी उठून खिडकीचा गज धरला. बराच वेळ धरला. मग मीही धरला. मंदाबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

खोकं उघडलं. सॉकेटची तरफ वर केली, वरची पट्टी उचलली, आणि त्या हजार पिना उघड्या पडल्या. प्रोसेसर त्यांनी उजव्या हातात घेतला आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोन्याचा एक इवलासा त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सरळ खाली ठेवायचा. सरकवायचा नाही. ढकलायचा नाही. लहान मूलसुद्धा करेल असं काम.

ते बोलत नव्हते. एकही शब्द नाही. ओठ हलताहेत असं वाटलं, पण आवाज नव्हता. सॉकेटपासून दोन बोटांवर आला हात. एका बोटावर. मनगट धरलेल्या हाताचे सांधे पांढरे झाले होते. मंदाबाईंनी पदर तोंडात धरला. आणि मग अगदी बारीक, 'टक्' असा आवाज झाला.

त्यांनी प्रोसेसर उचलून बाजूला ठेवला. भिंग डोळ्याला लावलं. "चार," म्हणाले. मग "नाई, पाच." कोपऱ्यातल्या पाच पिना आडव्या झाल्या होत्या. त्यांनी सवयीनं सुई उचलली, सुईचं टोक पाहिलं, आणि ते टोक हवेत कसं फिरतंय हे आम्ही तिघांनी पाहिलं. सुई त्यांनी खाली ठेवली.

मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. मी काहीतरी बोलायला गेले, बोर्ड माझाच आहे, जाऊ द्या, असलं काहीतरी. त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुमी बसा इथी."

"मी? भाऊ, मला नाही येत."

"गणित शिकवता ना? रेघ सीधी हाय का वाकडी, थे दिसते ना तुमाले? बसा."

मी बसले. भिंगातून पाहिलं तर पिनांचं शेतच समोर आलं, आणि कोपऱ्यात पाच लोळलेल्या. सुई हातात घेतली आणि माझा हात थरथरायला लागला. त्यांच्या हातासारखाच. मी सुई टाकून दिली. "माझाही हलतोय!"

देवाजीभाऊ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचा भेवाचा हाय. भेवाचा थांबते."

मला पुढे कितीतरी दिवस ते वाक्य रडवत होतं. त्या क्षणी मात्र रडायला सवड नव्हती. ते माझ्या पाठीमागे येऊन बसले आणि बोलायला लागले. आवाज अगदी बारीक होता, खालच्या पट्टीतला. मला वाटलं, भीतीनं बसला असेल. "आता बाई सुई खाली घेऊन राह्यल्या. पहिल्या पिनेच्या खालून. वर नोका ओढू, बाजूच्या पिनेच्या रेघेत आणा. मी आहो. तुमीही बोला. गप्प नोका राहू, दचकते थे."

"मी... पहिली पिन उचलतेय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मी आहे."

"असं नाई."

"मी आहो," मी म्हटलं. हात खरंच हळूहळू थांबत गेला.

पाच पिनांना संध्याकाळ झाली. मग प्रोसेसर मीच ठेवला, त्रिकोणाला त्रिकोण. तरफ दाबताना असा 'कर्रर्र' आवाज येतो की सगळं चिरडलं असं वाटतं. मी किंचाळले. "तो आवाज राहातेच," पाठीमागून बारीक आवाज आला. रॅम लावली, वीज दिली, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. देवाजीभाऊंनी ती एकेक करून वाचली, मुलाचं पहिलं पत्र वाचावं तशी.

सोमवारी गल्लीतून गेले तर पाटी नव्हती. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन होता. मी डॉक्टरकडे चलण्यासाठी भांडायला आत गेले, तर ते आधीच जाऊन आले होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं: कंपवात. आणि विचारलं होतं, आवाज पण बारीक झाला आहे का? तोही त्यातलाच भाग असतो म्हणे. त्या शनिवारी त्यांचा आवाज भीतीनं बसला असं मला वाटलं होतं, ती भीती नव्हतीच.

पुढच्या उन्हाळ्यात माझी चंद्रपूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तर घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, मोह वेचायला गावी गेलेत दोघं. पहिल्या बसनं मी धानोऱ्याला गेले आणि तिथून विचारत विचारत त्यांच्या गावी पोचले. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली पाचोळा जाळून जमीन काळी केलेली होती आणि तिच्यावर पिवळट फुलं पडत होती. हवेत तो गोड, जड वास. आजूबाजूची झाडं वेचून झालेली, माणसं परतलेली. फक्त हे दोघं मागे राहिले होते, कारण त्यांना वेळ लागतो.

देवाजीभाऊ उकिडवे बसून वेचत होते. हात तसाच हलत होता, आधीपेक्षा जास्त. फुलाला त्याचं काही नव्हतं. एक फूल उचलायचं, ते टोपलीत पडायचं, कधी बाजूला पडायचं, ते पुन्हा उचलायचं. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले, आणखी जवळ गेले, आणि हाताच्या अंतरावर पोचल्यावर मला ऐकू आलं. "मी आहो. मी आहो." एवढ्या आवाजानं त्यांच्या पायाजवळची मुंगीसुद्धा दचकली नसती. हा आवाज आता कुठेच पोचत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

मला पाहून ते हसले. काहीतरी म्हणाले. मी वाकून कान जवळ नेला. "माय कशी हाय?" विचारत होते. मी सांगितलं, ठणठणीत आहे, काल रात्री बर्फात ट्रक चालवला. त्यांनी मान हलवली आणि फुलाकडे वळले.

तेवढ्यात पलीकडच्या झुडपात पाचोळा वाजला. काहीतरी जड होतं. थांबलं. पुन्हा वाजलं, जवळ. देवाजीभाऊंनी मान वर केली आणि तोंड उघडलं; मला त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसल्या, आवाज नाही.

"आमी आहो!"

मी वळून पाहिलं. मंदाबाई पलीकडच्या झाडाखाली उभ्या राहिल्या होत्या, हातात टोपली, मान ताठ. "आमी आहो जी, इथी आमी आहो! दोघं आहो!" त्या बाईच्या अंगात एवढा आवाज असेल असं मला सात-आठ वर्षांत कधी वाटलं नव्हतं. टेकडीपर्यंत गेला तो.

झुडूप थांबलं. मग पाचोळ्याचा आवाज हळूहळू दूर गेला. गाय असेल, काही असेल, कोणी पाहायला गेलं नाही.

"ह्यायचा आवाज दूर जात नाई आता," मंदाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हून मी देतो दोघायचा." आणि खाली बसून वेचायला लागल्या. देवाजीभाऊही वेचत होते. मी परतीच्या वाटेला लागले, तेव्हा बरंच लांब गेल्यावरही तो आवाज पाठीमागून येत होता, थोड्या थोड्या वेळानं, आमी आहो, आमी आहो. मी थांबले, वळले, आणि लाज सोडून तिकडे तोंड करून ओरडले, की मी आहो.